एकास चार

नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचा पहिला प्रश्न मला पाठ असतो. बाहुलीचा झगा शिवून मिळेल का? मिळेल. न मिळायला काय झालं, चौदा वर्षं तेच तर करतेय. मग मी विचारते, केवढी आहे बाहुली? यावर दहातली नऊ माणसं दोन्ही हात हवेत धरून दाखवतात, ही एवढी. हवेतल्या मापावर मी आजवर एकही कपडा बेतलेला नाही. तरी सगळं पहिल्यापासून समजावून सांगायची पाळी दर आठवड्याला माझ्यावर येतेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी इथेही एकदा सांगून टाकते. या बाहुल्या पोरांनी खेळायच्या नव्हेत. रेझिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या ओतीव असतात. मान, खांदा, कोपर, गुडघा, प्रत्येक सांध्यात एक गोळा आणि आतून सगळं अंग इलॅस्टिकच्या दोरीने ओवलेलं. त्यामुळे त्या उभ्या राहतात, बसतात, मान कलती करतात. डोळे बदलता येतात, केसांचा टोप बदलता येतो, चेहरा हाताने रंगवलेला असतो. त्यांचा आकार सांगायची पद्धत म्हणजे एकास तीन, एकास चार, एकास सहा. माणसाच्या उंचीचा तिसरा हिस्सा, चौथा, सहावा. एकास तीनची साठ सेंटीमीटरच्या आसपास, एकास चारची चाळीस ते पंचेचाळीस, एकास सहाची सव्वीस ते तीस. नवा माणूस हे ऐकतो आणि त्याला वाटतं, झालं, समजलं. अहो, एकास चार म्हणजे पत्त्यातलं नुसतं गावाचं नाव झालं, घर शोधायचं बाकीच असतं. एका कारखान्याची एकास चार म्हणजे गुबगुबीत शाळकरी पोर. दुसऱ्याची एकास चार म्हणजे कमरेत बारीक, भरल्या अंगाची बाई. उंची दोघींची बेचाळीस. एकीचा झगा दुसरीला घालायला गेलात तर काखेत अडकेल नाहीतर कमरेत लोंबेल. म्हणून मी उंचीवर थांबत नाही. छाती, कंबर, खांदा, बाही, डोक्याचा घेर, सगळं विचारते. लोकांना राग येतो. येऊ दे.

माझं काम खिडकीपाशी चालतं. टेबलावर बिनडोक्याची तीन अंगं उभी असतात, थोरली, मधली आणि धाकटी. कुणीकुणी बाहुलीचं डोकं तेवढं ठेवून अंग बदलतं आणि जुनं मला देऊन जातं. बेतलेलं सगळं मी आधी या तिघींच्या अंगावर चढवून बघते. बाहुल्यांच्या आधी वीस वर्षं मी माणसांचे कपडे शिवले. माणसांची मापं दर सहा महिन्यांनी बदलतात आणि खापर शिवणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं. बाहुली सुटत नाही, वाळत नाही, आरशासमोर उभी राहून तोंड वाकडं करत नाही, म्हणून या कामाकडे वळले. आता मानेतून कळा येतात, सुईत दोरा ओवायला तीनदा बसावं लागतं आणि बाहुल्यांचा नाही तरी त्यांच्या माणसांचा पुरता वीट आलाय. खोटं कशाला बोलू?

तर असल्याच एका दुपारी काचवाले आले.

दोन गल्ल्या सोडून त्यांचं काचेचं दुकान आहे. माझ्या या खिडकीची काच त्यांनीच बसवलेली. साठीचा माणूस, बोटांवर जुन्या चिरांचे पांढरे वण, बोलणं मोजून मापून. मला वाटलं काहीतरी दुरुस्तीचं विचारायला आले असतील. पण ते टेबलापाशी उभे राहून थोरलीकडे, मधलीकडे, धाकटीकडे बघत राहिले आणि म्हणाले की बाहुलीचा झगा शिवून हवाय. मी सुस्कारा सोडला आणि माप विचारलं. त्यांनी हात हवेत धरले नाहीत, एवढं मात्र मला बरं वाटलं. माप माहीत नाही म्हणाले.

मग बाहुली घेऊन या, मी सांगितलं. बाहुली लेकीकडे आहे म्हणाले, आणि लेक अडीच वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.

मी त्यांना स्टूल दिलं. खरं म्हणजे मला ऐकायचं नव्हतं. हातातलं काम अर्धवट होतं आणि दुसऱ्याच्या घरातली भांडणं ऐकायला माझ्यात त्राण नव्हतं. पण समोरचा माणूस उभ्या उभ्या घाम पुसत असेल तर करणार काय?

हकिगत अशी होती. लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा तिने वर्षभर हौसमौज बंद ठेवून एक बाहुली मागवली, मोठी, एकास तीनची. पुढे दुसरी आणली, तिच्याहून लहान. दोघींचे कपडे ती स्वतःच शिवायची. बापाला यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. एवढी घोडी झाली तरी बाहुल्या खेळते म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यासमोर थट्टा करायचे. मग एकदा ती कामावर गेलेली असताना शेजारणीची सहा वर्षांची नात घरी आली, मोठ्या बाहुलीसाठी रडायला लागली, आणि यांनी ती काढून तिच्या हातात दिली. घेऊन जा म्हणाले, खेळ. संध्याकाळी लेक शेजारी जाऊन बाहुली परत घेऊन आली तेव्हा तिची तीन बोटं तुटलेली होती आणि चेहऱ्यावर बॉलपेनाने मिशा काढलेल्या होत्या. लेक काही बोलली नाही. हेच बोलले. म्हणाले, बाहुलीच आहे, दुसरी आणू. चौथ्या दिवशी ती दोन्ही बाहुल्या आणि दोन बॅगा घेऊन दुसऱ्या शहरात राहायला गेली.

दर रविवारी ती आईला फोन करते, पण बाबांचा विषय काढायचा नाही या अटीवर. काचवाल्यांनी बायकोला सांगून बघितलं, तिला हळूच बाहुलीचं माप विचार. बायकोने साफ सांगितलं, मी मध्ये पडणार नाही, तुमचं तुम्ही निस्तरा.

मला त्या बाईचं पटलं. तरी मी काचवाल्यांना म्हटलं की झगाच कशाला पाहिजे, चार ओळी लिहून माफी मागा, तिलाही बरं आणि मलाही.

"दोनदा लिहिलं, ताई," ते म्हणाले. "न फोडताच परत आलं. माफी काय, कुणीही मागतो. ती मोठी बाहुली तर मी घालवलीच. पण लहानीला एखादी गोष्ट मापाची करून पाठवली, तिला नीट बसली, तर तिला कळेल की मी आता त्यात लक्ष घातलंय. आणि नाही बसली तर म्हणेल, बाबांना अजून ते खेळणंच वाटतंय. मग पुढचं काही मी पाठवलं तरी ती उघडणार नाही."

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते झगा बसण्यावर. आणि माप नव्हतं. मला मनातून त्यांना वाटेला लावायचं होतं. तोंडातून निघालं, तिचा एखादा फोटो तरी आहे का?

फोटो होता. लेकीच्या खोलीतल्या खिडकीत लहान बाहुली उभी, मागे काच, काचेपलीकडे आकाश. मी भिंग लावून बघितलं. लांब मान, बारीक कंबर, म्हणजे शाळकरी पोर नव्हे, बाईच्या अंगाची. पण उंची फोटोवरून कशी सांगणार? एकास चारची आहे का एकास तीनमधली बुटकी, मला सांगता येईना. शेजारी एखादं पुस्तक, पेला, काहीही असतं तरी अंदाज आला असता.

काचवाले म्हणाले, काच आहे की. ही काच मीच कापलेली. आडव्या पट्टीपर्यंत एकावन्न सेंटीमीटर.

चौदा वर्षांत प्रथमच एखाद्या नवशिक्याने मला काहीतरी शिकवलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण बाहुली काचेला चिकटून नव्हती, पुढे कठड्यावर उभी होती, आणि पुढची वस्तू मोठी दिसते. मी म्हटलं, पुठ्ठ्याच्या तीन बाहुल्या कापा, चाळीसची, बेचाळीसची आणि चव्वेचाळीसची. त्याच जागी एकेक उभी करा, त्याच जागेवरून फोटो काढा आणि ताडून बघा. मला वाटलं, एवढा उपद्व्याप सांगितला की माणूस परत तोंड दाखवणार नाही.

तिसऱ्या दिवशी हजर. पुठ्ठे काच कापायच्या सफाईने कापलेले, कडा अशा की हात लावायला भीती वाटावी. बेचाळीसचा फोटो मूळ फोटोवर तंतोतंत बसत होता. एकास चार. त्यांनी तो शब्द इतक्या सावकाश उच्चारला की जणू एखाद्या पाहुण्याचं नाव लक्षात ठेवतायत.

आता राहिली छाती, कंबर आणि बाकीचं. यावरही त्यांच्याकडे उपाय निघाला. लेकीने लहान बाहुलीसाठी शिवायला घेतलेला एक झगा तिच्या खणात राहिला होता. बाह्या लावायच्या होत्या, बाकी पूर्ण. मला हर्षच झाला, मी म्हटलं तो घेऊन या, बाकी कशाचीच गरज नाही. पण त्यांची बायको तो घराबाहेर नेऊ देईना. तिने तो आपल्या कपाटात साड्यांच्या मध्ये ठेवला होता आणि रविवारचा फोन झाला की काढून बघायची. शेवटी ठरलं की काचवाल्यांनी घरीच तो मोजायचा आणि आकडे आणायचे. कुठे टेप धरायचा, शिवण सोडून कसं मोजायचं, हे मी मधलीच्या अंगावर दाखवलं. त्यांनी कागदावर अंग काढून घेतलं आणि बाण मारले.

आकडे आले. छाती साडेवीस, कंबर सोळा, लांबी सव्वीस, आणि असंच खाली. मी कागद बघितला आणि मला जरा खटकलं. फोटोतल्या त्या बारीक अंगाला सोळाची कंबर? चौदाची असायला हवी. मधलीचीच चौदा आहे. पण असतात, कारखान्याकारखान्याचा फरक असतो, हे मीच तर सगळ्यांना सांगत असते. मी विचारलं, नीट मोजलं ना? ते हो म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. त्या दिवशी माझी मान इतकी धरली होती की मला पुन्हा विचारायचाही कंटाळा आला. परत पाठवून पुन्हा मोजायला लावलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. नाही लावलं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं हो फार लवकर पटतं.

कापड त्यांनीच आणलं. मोठ्या गुलाबांचं. मी कपाळाला हात लावला. त्यांना समजावलं की बाहुली लहान झाली तरी कापड लहान होत नाही. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं फूल तिच्या अंगावर लिंबाएवढं दिसतं, जाड कापड तिच्या अंगावर गादीसारखं उभं राहतं, आणि शर्टाचं साधं बटण तिच्या छातीवर बशीएवढं होतं. म्हणून कापड पातळ, नक्षी जवळजवळ ठिपक्याएवढी, बटण चार मिलिमीटरचं. वाटलं होतं की इथे तरी ते चक्रावतील. पण ते म्हणाले, बरोबर आहे, छोट्या तसबिरीला पाच मिलीची काच घातली तर चौकट फाकते. दुसऱ्या दिवशी पातळ निळं कापड आणलं, त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके. माझ्या कपाटात याहून चांगलं नव्हतं.

मी तो झगा मन लावून शिवला. एरवी मी असं म्हणत नाही. पण हा माणूस दुकान बंद करून रोज पाचला यायचा, स्टुलावर बसायचा आणि काही न बोलता बघत राहायचा, त्यामुळे हात आखडता घेता येईना. कॉलरला बारीक टीप, पाठीला सहा बटणं, हातानं केलेली काजं. मध्येच ते एखादा प्रश्न विचारायचे. एकास सहाच्या बाहुलीला हे कापड चालेल का? डोक्याचा घेर आणि टोपाचं माप सारखं असतं का? हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे प्रश्न माझ्यासाठी नाहीत. कधीतरी कुणाशी तरी बोलायची वेळ आली तर अडायला नको, म्हणून ते तयारी करत होते. मला गलबलून आलं आणि त्याचा रागही आला. मी त्यांना उद्यापासून चारला येत जा म्हणून सांगितलं, पाचला माझी चहाची वेळ असते. मग ते चारला यायला लागले आणि चहाला थांबायला लागले.

झगा झाला. मधलीच्या अंगावर घातला तर तिला कमरेत बराच सैल झाला, पण ती मधली होती, ती लेकीची बाहुली नव्हती. त्यांनी तो मऊ कागदात गुंडाळला, काचेच्या तुकड्यांना करतात तशी चारी बाजूंनी पुठ्ठ्याची पेटी केली आणि पोस्टाने पाठवला. चिठ्ठी घालू का विचारत होते. मी नको म्हटलं. झगा बोलेल.

त्यानंतर तीन आठवडे ते आले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं. चार वाजले की मी आपली दाराकडे बघायची.

तीन आठवड्यांनी आले ते भर दुपारी, चपला न काढता आत. हातात तीच पुठ्ठ्याची पेटी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि स्टुलावर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले.

"परत आला," ते म्हणाले. "चुरगाळून, उलटा करून टाकलाय. तोंडावर मारल्यासारखा. आत हात घातला तर टोचलं म्हणून पेटी बंद केली. बायकोला दाखवला नाही."

मी विचारलं, चिठ्ठी? काही नाही म्हणाले. मग मला जे कळतं तेच विचारलं. माप नक्की नीट घेतलं होतं ना?

ते म्हणाले, "घेतलं नीटच होतं. सांगितलं वाढवून."

"म्हणजे?"

"सगळीकडे दोन सेंटीमीटर. कंबर चौदाच होती. ताई, पोरगी लहान असताना तिचे सगळे कपडे मीच आणायचो. शाळेचा झगा, स्वेटर, बूट, सगळं दोन बोटं मोठं. वाढत्या अंगाचं. नाहीतर सहा महिन्यांत आखूड व्हायचं. तुमच्यासमोर आकडे लिहायला बसलो आणि हात आपोआप तिकडे गेला. लिहून झाल्यावर वाटलं, असू दे, सैल असलेलं बरं. घट्ट झालं तर चढणारच नाही."

माझा पारा चढला. मी म्हटलं, अहो, जन्मभर काच कापलीत, चौकटीपेक्षा दोन मिलिमीटर कमी कापायची हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि इथे येऊन दोन सेंटीमीटर वाढवलेत? बाहुली वाढते का? आणि ही दोन बोटं तुमची-माझी नाहीत. एकास चार आहे ना, मग बे चोक आठ. तुमच्या कमरेला आठ सेंटीमीटर सैल पँट घालून रस्त्यातून चालून दाखवा. ती हातात धरून चालावं लागेल. पोरीने झगा बाहुलीला घातला असेल तेव्हा तो असाच गोणत्यासारखा लोंबला असेल.

मला आणखीही बरंच बोलायचं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबले. सोळाची कंबर मला त्याच दिवशी खटकली होती. तेही मी सांगून टाकलं. म्हटलं, चूक तुमची एकट्याची नाही, मला शंका आली होती आणि मी आळस केला. यावर ते नुसते मान हलवत राहिले. आमच्या दोघांच्या चुकांची बेरीज करून त्यांना काय मिळणार होतं?

ते म्हणाले, आता राहू दे. तुम्हीच ठेवा हा. तुमच्या मधलीला घाला.

मी पेटी उघडली. झगा खरंच उलटा होता, शिवणी बाहेर, कागदात सैलसर ठेवलेला. मी तो उचलला आणि मलाही टोचलं. बोट तोंडात धरून मी तो खिडकीच्या उजेडात नेला.

पिना होत्या. साध्या टाचण्या नव्हेत, बोटाच्या पेरापेक्षा आखूड, केसासारख्या बारीक, आम्ही लोक बाहुल्यांच्या कपड्यांना वापरतो त्या. उजव्या कुशीच्या शिवणीपासून पाच मिलिमीटर आत काखेपासून घेरापर्यंत ओळीने लावलेल्या. डाव्या बाजूलाही तशाच. खांद्यावर दोन्हीकडे चिमटीएवढी घडी घालून दोन-दोन. घेराला खडूची रेघ, सगळीकडून सारखी, काठापासून दोन सेंटीमीटर वर. कुठेही कापड ओढलं गेलेलं नव्हतं. मी मोजल्या. अडतीस.

मी टेबलाशी बसले. मानेतली कळ डोक्यात गेली होती, तरी मी त्या पिनांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. हा झगा एका अंगावर उलटा चढवला होता, ते अंग कुणीतरी एका हाताने धरलं होतं, फिरवलं होतं, मागून बघितलं होतं, पुन्हा फिरवलं होतं. एवढ्या पिना इतक्या सरळ लावायला मला पाऊण तास लागतो, आणि माझा हात चौतीस वर्षं शिवणात आहे. पोरीला दीड तास तरी लागला असेल.

मी काचवाल्यांना जवळ बोलावलं. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, चपला काढा आणि इकडे या. मग आले. मी त्यांचं बोट धरून कुशीच्या पिनांवरून हळूच नेलं, एकेक करून, काखेपासून खाली. मग खडूची रेघ दाखवली.

"उलटा टाकला म्हणता ना?" मी म्हटलं. "माप बघायचं असलं की कपडा उलटाच घालतात. म्हणजे शिवण बाहेर राहते आणि कुठे घ्यायचं ते तिथल्या तिथे टाचता येतं. नको असलेल्या कपड्याला कुणी अडतीस पिना लावत नाही, काचवाले. झगा परत आलेला नाही. फिटिंगला आलाय."

मग त्यांनी घेराची रेघ आपल्या पट्टीने मोजली. सगळीकडे दोन. कुशीतलं मोजलं. उजवीकडचं, डावीकडचं, पुढचं, मागचं, चारही मिळून दोन. खांदे मोजले. त्यांनी तीनदा मोजलं आणि मग पट्टी टेबलावर ठेवली.

"तिला कळलं," ते म्हणाले. "कोणी मोजलं ते कळलं तिला."

मग त्यांनी विचारलं की हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील, त्यांना घाई नाही, माझी मान बरी झाल्यावर बघितलं तरी चालेल. मी सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि ओवून दिली.

"बसा," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम आहे. आणि या वेळी पोस्टात टाकू नका. स्वतः घेऊन जा."